सॉलिड आहे, पण वाजते का?

'सॉलिड' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो, मोजलंय कधी? पिक्चर सॉलिड, मिसळ सॉलिड, अप्रेझलमध्ये झालेला पोपट तर एकदमच सॉलिड! गिटारच्या दुनियेत मात्र या शब्दाचा अर्थ सरळसोट आहे. सॉलिड बॉडी म्हणजे भरीव अंगाची गिटार. आत पोकळी नाही, मध्ये गोल भोक नाही. साधारण पावणेदोन इंच जाडीची लाकडी फळी, तिच्यावर ताणलेल्या सहा तारा, तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल. बाकी आवाजाचं काय ते ॲम्प बघून घेतो.

आणि ही चीज आता आपल्या खिशाच्या आवाक्यात आलीये. दहा-बारा हजारांत, म्हणजे एका बऱ्यापैकी मोबाइलच्या पैशांत, चकचकीत इलेक्ट्रिक गिटार घरपोच! त्यामुळे महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झाला की मला मित्रमंडळींचे फोन सुरू होतात. "तू वाजवतेस ना? मग सांग, ही घेऊ की ती?"

माझा उलटा प्रश्न ठरलेला. बाराव्या फ्रेटच्या डोक्यावरून तार किती मिलिमीटर वर आहे?

समोरचा गप्प. साहजिक आहे. हे कुठल्या जाहिरातीत लिहिलेलंच नसतं. तिथे लाकूड कुठलं, पिकअप किती, रंग कोणते, सोबत बॅग, बेल्ट आणि प्लेक्ट्रम फ्री, एवढं असतं. पण सहा महिन्यांनी ही गिटार तुमच्या मांडीवर असेल की कपाटावर, हे ठरतं त्या एक-दोन मिलिमीटरवर. तारेच्या या उंचीला म्हणतात 'ॲक्शन'. ती जास्त असली की तार दाबायला जोर लागतो, बोटं सोलवटतात, सूर बेसूर येतो. आणि नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

हे मी पुण्यातल्या एसी शोरूममध्ये ऐकलं होतं. पण नीट कळलं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत, माझ्या मामाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात!

बोटांत जोर नाई...

गेल्या मे महिन्यात पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली. जालना, देऊळगाव राजा करत सकाळी चिखली. मामाकडे गेलं की पहिला चहा दुकानातच होतो. दुकान म्हणजे शेतातल्या पाण्याच्या मोटारींचा दवाखाना. रब्बीत व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि मामाच्या दारात पेशंटची रांग लागते. माझा मामेभाऊ एकोणीस वर्षांचा. गेल्या रब्बीत त्याने कॉलेज सांभाळून दुकानात हात काळे केले, अख्ख्या हंगामाची मजुरी साठवली आणि नऊ हजारांची इलेक्ट्रिक गिटार मागवली. कंपनीचं नाव राहू दे. या किमतीत अशी गिटार कोणाच्याही वाट्याला येऊ शकते.

चहा पिता पिता विचारलं, "काय रे, रॉकस्टार? वाजवून दाखव की."

"ताई, विकून टाकतो मी हे," तो म्हणाला. "चार महिने झाले. माह्या बोटांत जोरच नाई."

मामींचं मत आधीच तयार होतं. "ज्याच्या बोटात असते, त्याच्याच बोटात असते ते!"

गिऱ्हाईकही ठरलं होतं. बुलढाण्याचा एक जण रविवारी येऊन साडेचार हजारांत गिटार नेणार होता. तो दिवस शुक्रवारचा.

मी गिटार हातात घेतली. दिसायला झकास. लाल रंग, पांढरी प्लेट, तीन पिकअप. पहिल्या फ्रेटवर तार दाबली आणि वाटलं, आपण सायकलचा जाम झालेला ब्रेक दाबतोय. दुकानातली स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर मोजलं. जाड तार साडेतीन मिलिमीटर वर! ती असायला हवी साधारण दीड ते दोन. म्हणजे हा मुलगा चार महिने जवळपास दुप्पट उंचीवरून तारा दाबत होता. वर बोटांत जोर नाही म्हणून स्वतःलाच नापास करून बसला होता.

मी पुण्यात माझ्या गिटारचा सेटअप करून घेते, तेव्हा शेजारी बसून सगळं बघते. त्यामुळे काय काय करावं लागेल हे माहीत होतं. भावाने चिखलीत आणि बुलढाण्यात विचारून पाहिलं होतं. त्याला कोणी सापडलं नव्हतं. हार्मोनियम, तबला, ढोलकी दुरुस्त करणारे भेटले, पण इलेक्ट्रिक गिटार म्हटल्यावर मान हलायची. इतक्यात मामाने चष्मा वर केला. "आत काय असते याच्या?"

"कॉइल असते मामा. चुंबकावर तांब्याची तार गुंडाळलेली."

"मंग हे तं आपलंच काम हाय ना बाप्पा!"

स्वस्त म्हणजे कुठे स्वस्त?

आधी एक सांगते. स्वस्त गिटार वाईट लाकडाची असते म्हणून वाजत नाही, हा समज बऱ्याच अंशी जुना झालाय. फेंडरने आपला स्वस्तातला ब्रँड, स्क्वायर, १९८२ मध्ये आणला. यामाहाची पॅसिफिका १९९० मध्ये आली. त्यानंतरच्या काळात चीन आणि इंडोनेशियातल्या कारखान्यांत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं लाकूड कापायला लागली. बॉडीचा आकार, नेकची जाडी, फ्रेटसाठीच्या खाचा यांत आता दहा हजारांची गिटारही बऱ्यापैकी अचूक असते.

मग पैसा वाचवतात कुठे? माणसाच्या वेळेत. फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करणं, नटच्या खाचा हव्या तेवढ्या खोल करणं, प्रत्येक तारेची उंची आणि लांबी जुळवणं, हे हातांनी निवांत करायचं काम. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची ती छोटी पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. स्वस्त गिटारवर एवढा वेळ घालवणं परवडत नाही. शिवाय तारा उंच ठेवल्या की त्या फ्रेटवर घासून खरखर करत नाहीत, म्हणून दुकानात सोप्यात सोपं काही वाजवलं तर तक्रारीला जागा राहत नाही. पुढचं तुम्ही आणि तुमची बोटं.

यात आपल्याला नवल वाटायला नको. तंबोरा विकत आणला की वाजला, असं कधी होतं का? घोडीवर जवारी काढावी लागते, तारेखाली दोरा सरकवून तिची जागा शोधावी लागते. मिरजेतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच जपलंय. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तबलजी मैफलीच्या आधी हातोडी घेऊन बसतो, तेव्हा त्याचा तबला खराब आहे असं कोणी म्हणत नाही. गिटारचा सेटअप म्हणजे तिची जवारीच समजा. फक्त ती खोक्यातून येत नाही.

ऑपरेशन थिएटर

शनिवारी सकाळी वाइंडिंगच्या टेबलावर जुनी चादर अंथरून गिटार आडवी केली. पेशंट तयार, सर्जन तयार!

पहिला नंबर नेकचा. दहा नंबरच्या सेटच्या सहा तारा मिळून साधारण ४५ किलोचा ताण देतात. चिखलीच्या भाषेत, सोयाबीनच्या कट्ट्याला थोडं कमी. या ताणाने नेक किंचित पुढे वाकतो. त्याला सावरायला आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट मोजायची. पाव मिलिमीटरच्या आसपास असली की छान. मामाने मोटारसायकलचे टॅपेट सेट करायचं फिलर गेज काढलं. फट निघाली सहा दशांश मिलिमीटर. एलन की लावून पाव फेरा, मग थांबून पुन्हा मोजणं, मग आणखी पाव फेरा. इथे घाई केली तर सळईचे आटे जातात. पण मामाला कोणी घाई शिकवली असेल तर शपथ.

दुसरा नंबर ब्रिजचा. प्रत्येक तारेखाली छोटा सॅडल आणि त्याला दोन बारीक स्क्रू. ते फिरवून तार खाली आणली. जाड तार दोन मिलिमीटर, बारीक तार दीड.

तिसरं काम सगळ्यात नाजूक, नट. तिथे खाच उथळ असली की पहिल्या तीन फ्रेटवर जीव जातो, आणि शिकणाऱ्याचे सगळे कॉर्ड असतात तिथेच! तपासायची सोपी युक्ती आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. इथे चक्क पोस्टकार्ड जाईल एवढी होती. नटच्या कानशी वेगळ्या मिळतात, पण त्या चिखलीत कुठून आणायच्या? मामा शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे गेला आणि नोझल साफ करायच्या दातेरी सुयांचा गुच्छ घेऊन आला. वेगवेगळ्या जाडीच्या सुया, अगदी तारांच्या मापाच्या! दोन घासे मारायचे, तार बसवायची, बघायचं. पुन्हा दोन घासे. खाच जास्त खोल गेली तर नट फुकट, म्हणून एकेका तारेला वीस-वीस मिनिटं.

मध्येच भावाने तळहात दाखवला. नेकवरून हात सरकवताना कडेला ओरखडे पडत होते. विदर्भातल्या मे महिन्याचा हा प्रसाद. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आहे तेवढाच राहतो, आणि त्याची टोकं बाहेर येऊन टोचतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. बारीक कानस आणि पॉलिश पेपरने तीही टोकं बसवली.

शेवटी मी पुण्याहून नेलेला नऊ नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा सेट चढवला. पातळ तार, कमी ताण, बोटांना आराम. ताण बदलला म्हणून नेक पुन्हा मोजला. मग इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर एकच हवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. मोबाइलमधला फुकटचा ट्यूनर याला पुरतो. मामाला सूर कळत नाही म्हणे. पण स्क्रीनवरचा काटा मधोमध आला की त्याचा चेहरा खुलायचा.

उलटी मोटार

खरी मजा पुढे. मामाने गिटारच्या वायरला मल्टिमीटर लावला. एका पिकअपचा रेझिस्टन्स सहा हजार ओहमच्या घरात. पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग दोन-चार ओहमचं. मामा चाटच पडला. मी सांगितलं, फेंडरच्या धर्तीच्या साध्या पिकअपमध्ये केसाएवढ्या बारीक तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. चुंबकाजवळ गिटारची पोलादी तार हलली की कॉइलमध्ये करंट तयार होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व आहे हे.

मामा मिनिटभर गप्प राहिला. "मोटारीत करंट टाकला का ते फिरते. इथं तार हालली का करंट निंघते. म्हंजे हे उलटी मोटार हाय!"

इतकं सोपं करून मला मास कम्युनिकेशनच्या डिग्रीनेही सांगता आलं नसतं.

तेव्हा मी त्याला लिओ फेंडरची गोष्ट सांगितली. भरीव लाकडावर तारा ताणायचे प्रयोग त्याच्या आधीही झाले होते. १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने तर चौकोनी ओंडक्यालाच तारा लावल्या होत्या. कारण सरळ होतं. पोकळ गिटारचा आवाज ॲम्पवर मोठा केला की ती शिट्टी मारायला लागते. पण सॉलिड बॉडी कारखान्यात थोकाने बनवून विकायला काढली ती फेंडरने. १९५० मध्ये ब्रॉडकास्टर, जिचं नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झालं, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. आज दहा हजारांत मिळणाऱ्या कितीतरी गिटार याच स्ट्रॅटोकास्टरच्या नातवंडं-पतवंडं. आणि हा फेंडर मूळचा कोण? रेडिओ दुरुस्त करणारा! १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. गिटार त्याला वाजवता येत नव्हती. म्हणूनच की काय, त्याने नेक चिकटवला नाही, स्क्रूने बसवला. बिघडला तर काढा, दुसरा लावा. दुकानदाराचं डोकं!

मामाने काही न बोलता गिटारच्या मागचे चार स्क्रू मोजले आणि मान डोलावली.

आता ॲम्प. दहा वॉटचा छोटा ॲम्प लावला तर गाण्याआधी 'घूंऽऽ' सुरू. सिंगल कॉइल पिकअप आसपासच्या विजेची ५० हर्ट्‌झची घरघरही पकडतो. त्यावर उपाय म्हणून एकमेकींच्या उलट्या बसवलेल्या दोन कॉइलचा हंबकर निघाला, म्हणून ब्रिजपाशी एक हंबकर असलेली गिटार नवशिक्याला सोयीची पडते. पॅसिफिका ०१२ मध्ये तशीच मांडणी आहे. भावाच्या गिटारमध्ये तिन्ही सिंगल कॉइल. पण ही घरघर जरा जास्तच होती. तारांना हात लावला की कमी व्हायची, सोडला की वाढायची. मामा उठला, अंगणात गेला आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून आला. मीठ-कोळशाचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठाक पडतो, मग अर्थिंग नावालाच उरतं. दहा मिनिटांनी ट्यूबलाइट बंद करून पुन्हा ॲम्प लावला. घरघर होती, पण मागे कुठेतरी गेली होती.

रविवार

शनिवारी रात्री भावाने ॲम्प न लावता गिटार घेतली. सॉलिड बॉडीचा हाही एक फायदा, बिनविजेची ती कुजबुजते फक्त. मामा-मामी आत झोपलेले असले तरी चालतं. तो जी, सी, डी एकामागून एक वाजवत होता. चार महिन्यांत जे कॉर्ड खडखडत होते ते सुटे, स्वच्छ ऐकू येत होते. तो मध्येच थांबून आपल्या बोटांकडे बघायचा, पुन्हा वाजवायचा. काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी बुलढाण्याला फोन गेला. "सॉरी भाऊ, नाई विकत."

थोडं पुढचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आता तो स्टेज गाजवतोय. तसं काही नाही. एफचा बार कॉर्ड त्याला अजून नीट जमत नाही. पण परवा फोनवर तो म्हणाला, "ताई, आता नाई जमलं तं माह्यावर हाय. गिटारवर नाई." मला यातच सगळं आलं. न जमण्यामागे आपला सराव कमी आहे की हातातलं साधनच वाकडं आहे, हे एकदा कळलं की माणूस सरावाला बसतो. ते कळलंच नाही तर तो गिटार विकतो, आणि 'मला संगीतातलं काही येत नाही' हे वाक्य आयुष्यभर सांगत फिरतो. अशी वाक्यं सांगणारे आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात दोन-चार तरी आहेत की नाही?

तुम्ही घेताय?

तर मंडळी, सगळं बजेट गिटारवर उडवू नका. थोडे पैसे सेटअप आणि एका जादा तारांच्या सेटसाठी बाजूला ठेवा. दुकानात गेलात तर खिशात छोटी पट्टी न्या, बाराव्या फ्रेटवर मोजा, आणि विक्रेत्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी मोजाच. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा, टोचलं तर विचारा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवून बघा, कुठे सूर मरतोय का. ट्रेमोलोचा दांडा सुरुवातीला काढूनच ठेवा; स्वस्त गिटारमध्ये तो हलवला की ट्यूनिंग हलतं. आणि घरी थ्री-पिनची तिसरी पिन कापून ॲम्प लावायचा आगाऊपणा अजिबात नको, ती जिवावर बेतू शकते.

सेटअप करणारा गावात नसेल तर टेन्शन घेऊ नका. पाव मिलिमीटरची किंमत कळणारा माणूस तुमच्या गल्लीत नक्की आहे. तो मोटारी गुंडाळत असेल, घड्याळं दुरुस्त करत असेल, नाहीतर मोटारसायकलचे टॅपेट सेट करत असेल. गिटार घेऊन जा त्याच्याकडे. काय करायचं ते तुम्ही वाचून ठेवा, हात त्याचा चालू दे. आणि चहा तुमच्याकडून!